पाणी झोपलं की

माझ्या माशांच्या टाकीच्या उजव्या कोपऱ्यातली व्हॅलिस्नेरिया, लांब रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती, वरपर्यंत जाऊन पाण्यावर आडवी पसरली होती आणि डाव्या कोपऱ्यातली, त्याच रोपापासून फुटलेली, त्याच दिवशी लावलेली, त्याच वाळूत, त्याच लाईटखाली, ती वीतभरसुद्धा झाली नव्हती. पानांच्या कडा तपकिरी, मधेमधे भोकं, आणि बोट फिरवलं की सुटून येणारा एक मळकट बुळबुळीत थर. दोन महिने मी त्या कोपऱ्याच्या मागे लागले होते. मुळाशी खताच्या गोळ्या खोचल्या, लाईट तासभर वाढवला, मग शेवाळ वाढलं म्हणून परत कमी केला, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वाढवले, त्याने माशांना त्रास व्हायला लागला म्हणून तेही थांबवलं. कोपरा तसाच.

शेवटी एक पान पाण्याच्या बाटलीत घालून दुकानात घेऊन गेले. तिथले काका वीसेक वर्षं मासे आणि पाणवनस्पती विकतायत, त्यांनी पान उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ताई, तिथं पाणी फिरतं का?"

मी म्हटलं, फिल्टर चोवीस तास चालू असतो की.

"फिल्टर चालू असणं वेगळं आणि पाणी फिरणं वेगळं. घरी जाऊन चिमूटभर खाद्य अगदी बारीक चुरा, वरून सोडा, आणि कुठं थांबतं ते बघा."

तसं केलं. उजवीकडे तो चुरा नळीच्या झोतात सापडून गिरक्या घेत खाली गेला, काचेला लागून परत वर आला, समोरून वाहत मधल्या लाकडापर्यंत पोचला. आणि लाकडाच्या पलीकडे गेल्यावर थांबला. म्हणजे अक्षरशः थांबला, लटकून राहिला हवेतल्या धुळीसारखा, आणि मग हळूहळू खाली बसत गेला, व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर. मी खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटं नुसतं ते बघत राहिले. त्या कोपऱ्यात पाणी होतं पण ते कुठूनही येत नव्हतं आणि कुठेही जात नव्हतं. फिल्टर उघडला तर आतला स्पंज चिखलाने गच्च भरलेला, ताशी सहाशे लिटर लिहिलेल्या पंपातून किती पाणी येत असेल देव जाणे, आणि जे येत होतं तेही त्या लाकडाला धडकून मागे फिरत होतं. स्पंज धुतला, लाकूड जरा तिरकं केलं, नळीचं तोंड वळवलं. तीन आठवड्यांनी डावीकडच्या झुपक्यातून नवीन पानं आली, स्वच्छ, काचेसारखी हिरवी. खत तेच, लाईट तोच.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

शाळेत आपण सगळ्यांनीच तो हायड्रिलाचा प्रयोग केलाय, चंचुपात्रात उलटं नरसाळं, वर परीक्षानळी, उन्हात ठेवायचं आणि बुडबुडे मोजायचे, मग चिमूटभर खायचा सोडा टाकला की बुडबुडे वाढतात. वनस्पतीला काय काय लागतं, तर सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, कार्बन डायऑक्साइड, पाणी. पाणी म्हणजे त्या यादीत एक वस्तू होती. पाण्यातच बुडालेल्या झाडाला तर ती आयती मिळाली, असं मला कायम वाटत आलं होतं. पण बुडालेल्या झाडासाठी पाणी म्हणजे आपल्याला जशी हवा तसं, आणि माल येण्याची वाटही तेच. त्याला जे काही हवंय ते त्या पाण्यातून चालत त्याच्या दारात यावं लागतं, आणि पाण्यातून चालणं फार म्हणजे फारच हळू असतं.

किती हळू? कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने आपोआप पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पटीने हळू तो पाण्यात पसरतो. जमिनीवरचं झाड स्वस्थ उभं राहिलं तरी त्याचा माल घरपोच येतो. पाण्यातल्या झाडाचा नाही येत. त्यात पुन्हा साध्या पाण्यात, हवेशी बरोबरी साधलेल्या पाण्यात, हा वायू असतोच किती तर लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या थोडा वर.

आणि खरी गोम पुढे आहे. कुठल्याही वस्तूला लागून असलेलं पाणी त्या वस्तूला धरून राहतं. दूध तापवून ठेवलं की वर साय धरते ना, तशी पानाच्या दोन्ही अंगांना न हलणाऱ्या पाण्याची एक साय असते, दिसत नाही इतकंच. पाणी वाहतं असलं तरी पानाच्या अगदी अंगाशी ते जवळजवळ उभंच असतं. जर्मनीच्या लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत ही कल्पना मांडली, ती विमानाचे पंख वगैरेंच्या कामी आली, पण नियम पाण्यातल्या पानालाही तोच लागू. पाणी थांबलेलं असेल तर ही साय अर्ध्या मिलीमीटरपर्यंत किंवा त्याहून जाड होते, पाणी हलायला लागलं की पातळ होत जाते. अर्धा मिलीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हायड्रिलाचं पान फक्त दोन पेशींच्या थरांचं असतं. त्याच्या मानाने ती साय म्हणजे अंगावर ओढलेली दुलई आहे.

उजेड पडला की पान कामाला लागतं, सायीतला कार्बन डायऑक्साइड बघता बघता संपवतं, आणि मग बसून राहतं. पलीकडे टाकीभर माल पडलेला असतो पण तो मुंगीच्या पावलाने सायीतून येतोय. शिवाय त्याने स्वतः तयार केलेला ऑक्सिजन बाहेर जायला तीच साय ओलांडायची, म्हणजे तो पानाशीच साठत जातो आणि पानाच्या कामात अडथळा आणतो. माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या पानांची उपासमार होत होती, भरल्या ताटासमोर बसून. आणि मी अजून अजून वाढत होते.

ब्रिटनमध्ये वेस्टलेक नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये नदीतल्या वनस्पती घेऊन नेमकं हेच तपासलं होतं, की अगदी मंद प्रवाहाने, सेकंदाला अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतच्या, झाडाच्या प्रकाशसंश्लेषणावर काय होतं. त्या एवढ्याशा हालचालीने ते भरपूर वाढलं. सेकंदाला अर्धा सेंटिमीटर! म्हणजे मिनिटाला जेमतेम फूटभर. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं कारण याचा अर्थ झाडाला धबधबा नकोय, त्याला फक्त पाणी मेलेलं नकोय.

पण बरं वाटलं म्हणून मी जे केलं ते चुकलंच. एक वेव्हमेकर आणला, समुद्री टाक्यांत वापरतात तो छोटा पंखा, आणि पूर्ण जोरात लावला. पहिल्या दिवशी सुंदर दिसलं, शेतात वारा आल्यासारखं. महिनाभरात व्हॅलिस्नेरियाची पानं एका बाजूला कायमची झोपली, नवीन पानं आखूड आणि जाडसर यायला लागली, आणि नाजूक लाल पानांची रोटाला तर झोताच्या समोर बुंध्यापासून उपटून तरंगत होती. जमिनीवरच्या झाडांना सारखा स्पर्श किंवा धक्का बसत राहिला की ती बुटकी आणि मजबूत होतात, याला १९७३ मध्ये मार्क जॅफी यांनी थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं लांबलचक नाव दिलं होतं, पाण्याखालीही तसंच होताना दिसतं. झाड उंचीवर खर्च करायचं ते तग धरण्यावर करतं. डेन्मार्कमध्ये ओढ्यातल्या वनस्पती घेऊन केलेल्या मोजमापात वेग सेकंदाला एक सेंटिमीटरवरून आठ-नऊपर्यंत नेला तर निव्वळ प्रकाशसंश्लेषण उलट घटलं आणि श्वसन वाढलं. म्हणजे साय पातळ झाल्याचा फायदा एका टप्प्यापर्यंत, नंतर सतत पिळवटून निघण्याची किंमत. नद्यांमध्ये सेकंदाला मीटरभर वेगाच्या पुढे मुळं धरून वाढणाऱ्या पाणवनस्पती जवळपास दिसतच नाहीत, एक घराणं सोडून, त्याच्याकडे येते.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. पानावर बुडबुड्यांची माळ दिसली, ज्याला हौशी लोक पर्लिंग म्हणतात, की आपण खूश होतो, फोटो काढतो. मीही काढते. पण पाणी नीट फिरत असेल तर बराचसा ऑक्सिजन बुडबुडा न होताच पाण्यात विरघळून निघून जातो, त्यामुळे माळा कमी दिसल्या म्हणजे झाड रुसलं असं नाही. नवीन टाकी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, मी यापायी उगीच खूप काळजी केलीय.

मागच्या डिसेंबरात मामाकडे गेले होते. कोल्हापूर जिल्ह्यात कासारी नदीच्या काठाला गाव आहे, गावाखाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा बंधारा म्हणजे दगडी खांबांची रांग, पावसाळ्यात मोकळी ठेवतात म्हणजे पूर आरपार जातो, आणि पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधे माती भरायचे, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी आले. मामाचा ऊस या पाण्यावर आहे, लहानपणी आम्ही पोहायला शिकलो तेही याच बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. पण तेव्हा मी पाण्याखालच्या झाडांकडे कधी बघितलं नव्हतं, पायाला लागली की किंचाळायचो एवढंच.

सकाळी आठला मामाबरोबर खाली गेले. वरच्या बाजूला पाणी तळ्यासारखं सपाट. काठापासून दहा-बारा फुटांपर्यंत हायड्रिलाचं रान माजलेलं, इतकं की वरचे शेंडे पाण्यावर गादीसारखे. हात घालून एक फांदी ओढली. शेंड्याकडची चार बोटं हिरवी आणि खाली सगळं तपकिरी, पानांवर गाळ आणि बुळबुळीत थर, नखाने खरवडला तर निघाला, आणि खालची पानं काळी पडून गळायला आलेली. काही पानांच्या वरच्या अंगाला पांढरी खरखर होती, चुन्याची. हे चुन्याचं गणित मजेशीर आहे. पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड संपला की हायड्रिलासारखी झाडं बायकार्बोनेटमधून कार्बन काढतात, पानाच्या खालच्या बाजूने आम्ल सोडतात, वरची बाजू अल्कधर्मी होते आणि तिथे चुना बसतो. म्हणजे ती पांढरी खरखर ही हलाखीची खूण. उन्हाळी दुपारी अशा दाट झाडीतल्या थांबलेल्या पाण्याचा पीएच नऊच्याही वर जातो.

मामा काठावर उकिडवा बसला होता. म्हणाला, "बरगं घातलं की पाणी झोपतंय बघ. झोपलं की ह्ये माजतंय. आन् मे महिन्यात पहाटं पहाटं मासं तोंड वर काढून हापापत्यात."

मामाने प्रांटलचं नाव ऐकलेलं नाही. पण पहाटेचं ते त्याने अचूक सांगितलं होतं. दिवसा ही सगळी झाडी ऑक्सिजन सोडते, रात्री मात्र तीही श्वास घेते, माशांसारखीच, आणि पाणी झोपलेलं असल्यामुळे वरून नवीन ऑक्सिजन खाली मिसळत नाही. उजाडायच्या जरा आधी सगळ्यात कमी उरतो.

मग आम्ही बंधाऱ्यावरून चालत खालच्या अंगाला उतरलो. तिसऱ्या आणि चौथ्या खांबामधल्या बरग्यांच्या फटीतून चिळकांड्या उडत होत्या, त्या खाली दगडांत पडून एक हातभर रुंद, गुडघाभर खोल ओघळ तयार झाला होता. आणि त्यात व्हॅलिस्नेरिया! हिरव्या रिबिनी, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, डावीकडे उजवीकडे सावकाश डोलत. मी चप्पल काढून आत उतरले. पान दोन बोटांत धरून टोकापर्यंत ओढलं, काहीच सुटून आलं नाही. ना गाळ, ना बुळबुळ. बंधाऱ्याच्या वर आणि खाली, मधे पंधरा पावलांचं अंतर, पाणी तेच, ऊन तेच. माझी टाकीच होती ती, डावा कोपरा आणि उजवा कोपरा.

त्या झुपक्याच्या बुडाशी हात घातला तर तिथे बारीक वाळू आणि मऊ गाळ, आजूबाजूला नुसते धुतलेले गोटे असताना. म्हणजे झाडही पाण्याला बदलतंय. झुपका दाट झाला की त्याच्या आत प्रवाह मंदावतो, वाहत आलेला बारीक गाळ तिथे बसतो, त्यात अन्नद्रव्यं असतात, मुळांना धरायला जागा मिळते, झुपका अजून वाढतो. इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्यांमध्ये पांढऱ्या फुलांच्या रॅननक्युलसचे मोठाले पट्टे असंच करतात. आणि एका मर्यादेनंतर आतलं पाणी इतकं मंदावतं की मधल्या पानांची परत तीच उपासमार. माझ्या पायाशी त्या झुपक्यातून सुईएवढी माशांची पिल्लं इकडून तिकडे पळत होती.

मला बंधाऱ्याविरुद्ध काही म्हणायचं नाहीये. त्या पाण्यावर माझ्या आईचं शिक्षण झालंय. पण नदी आठ महिने झोपलेली राहते तेव्हा तिच्यात कोण राहू शकतं हे बदलतं, एवढं तरी आपल्याला माहीत असायला पाहिजे. झोपलेल्या आणि वर सांडपाणी आलेल्या पाण्यात पुढची पायरी जलपर्णीची, पंचगंगेत कोल्हापूरकरांनी ती बघितलीच आहे, पुण्यात आम्ही दर उन्हाळ्यात बघतो. ती वर पसरली की खालच्या हायड्रिलालासुद्धा उजेड मिळत नाही.

ते एक घराणं म्हटलं होतं ना. पोडोस्टेमेसी. दुसऱ्या दिवशी मामेभाऊ मला मोटरसायकलवरून घाटाकडच्या एका ओढ्यावर घेऊन गेला. पावसाळ्यात तिथे उभं राहता येत नाही इतकं पाणी कोसळतं, डिसेंबरात पाणी उतरून काळे खडक उघडे पडले होते आणि त्यावर तांबूस-हिरवे, वाळत चाललेले पापुद्रे. लांबून दगडफूल वाटावं. गुडघे टेकून जवळून बघितलं तर त्यातून काडीएवढे देठ आणि टोकाला मोहरीपेक्षा लहान बोंडं. ही सपुष्प वनस्पती आहे, आंब्या-फणसासारखी फुलं येणारी, पण हिला नीट खोड नाही, ओळखू येईल असं पान नाही, चपटं मूळच दगडाला डिंकासारखं चिकटून बसतं आणि तेच हिरवं असतं. भर पावसात, जिथे माझी रोटाला एक सेकंद टिकणार नाही तिथे, ही बुडालेल्या अवस्थेत वाढते. पाणी उतरायला लागलं की घाईघाईने फुलते, बी धरते, बी दगडाला चिकटून कोरडा उन्हाळा काढतं. सिलोनच्या पेराडेनिया उद्यानाचे संचालक जॉन विलिस यांनी १९०२ मध्ये भारत आणि सिलोनमधल्या या घराण्यावर मोठं काम लिहिलं. हिला फेसाळतं, हवा खेळलेलं पाणी लागतं, आणि ते दरवर्षी चढायला आणि उतरायलाही लागतं. तिच्या खडकावर धरणाचं पाणी येऊन थांबलं की संपलं.

मामेभावाला नाव विचारलं तर म्हणाला, शेवाळच की ते. मी त्याला बोंडं दाखवली. तो मोबाईलच्या टॉर्चने बराच वेळ बघत बसला आणि मग त्याने पाय ठेवायची जागा बदलली.

येताना मामाच्या परवानगीने त्या ओघळातली व्हॅलिस्नेरियाची एक फुटवा आलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. उलटं मात्र कधी करू नका, टाकीतलं काही नदीत, ओढ्यात सोडू नका. आपली ही साधी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांची तिने काय दशा केली ते अजून निस्तरतायत.

काडी रुजलीय. डाव्या कोपऱ्यातच लावली मुद्दाम. वेव्हमेकर काढून टाकला, नळी अशी बसवलीय की झोत मागच्या काचेवर आपटून, फुटून, मंद होऊन सगळीकडे जातो, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्पंज धुते. चिमूटभर चुरा टाकून बघणं पण अजून चालू आहे, तो कुठेच लटकत नाही आता.

आणि गेल्या मंगळवारी जुन्या उजव्या झुपक्यातून एक बारीक, दोऱ्यासारखा देठ वर आलेला दिसला, टोकाला पांढुरकं इवलंसं फूल. मादी फूल. व्हॅलिस्नेरियात नर झाड वेगळं, मादी वेगळं. नर फुलं खाली मुळाशी तयार होतात, सुटून वर येतात आणि पाण्यावर होड्यांसारखी तरंगत जातात, मादी फुलापाशी पाण्याच्या पृष्ठभागावर एक बारीक खळगा पडलेला असतो त्यात ती घसरून तिला टेकतात. नंतर तो लांब देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फळाला खाली ओढून नेतो. हे सगळं व्हायला पाण्याचा वरचा थर शांत लागतो. वाढायला हलतं पाणी आणि फुलायला निवांत पाणी, एकाच झाडाला. माझ्या टाकीत वरती सतत लाटा, ते फूल पाण्याखाली जात होतं, वर येत होतं, परत जात होतं.

म्हणून सध्या सकाळी लाईट लागला की नळीचं तोंड खाली वळवते, तीन तास. वरचं पाणी काचेसारखं होतं, खाली पानं डोलत असतात. नदीवरून आणलेली काडी नर आहे की मादी ते ती फुलल्याशिवाय कळणार नाही. तिला आता सहा पानं आहेत. मामाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, जूनला बरगं काढायला ये, तवा बघ पाणी कसं उठतंय.